पंचेचाळीस

रक्त घेणाऱ्या मुलीने लाल झाकणाची नळी बाजूला सारली आणि हिरव्या झाकणाची उचलली. ‘ह्यात हेपॅरिन असतं, रक्त गोठत नाही,’ ती म्हणाली. ‘ह्या टेस्टला पेशी जिवंत लागतात.’

थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, कसल्याकसल्या अँटिबॉडी. आधीच्या दोन वर्षांत माझं इतकं रक्त गेलं होतं की कोपराच्या खळगीत एक हिरवट डाग मुक्कामालाच आला होता. पण माझ्या पेशी जिवंत हव्यात असं कोणी म्हणायची ही पहिलीच वेळ. मला उगीच बरं वाटलं. शेजारच्या खुर्चीत नवरा बाही वर करून बसला होता. त्याच्या नळीचं झाकणही हिरवंच. टिळक रोडच्या बाजूची गल्ली, २०१९चा फेब्रुवारी, सकाळचे साडेआठ. खाली कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं आणि ती काही सुरू होत नव्हती.

दुसऱ्यांदा गर्भ टिकला नाही त्याला तेव्हा महिना झाला होता. पहिल्या वेळी डॉक्टरीणबाई भरपूर बोलल्या होत्या. होतं असं, दिवस गेल्याचं कळल्यानंतरसुद्धा शंभरात दहा-पंधरा वेळा हे असंच संपतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत जे संपतं त्यातल्या निम्म्यांत गुणसूत्रांचाच घोळ असतो. दुसऱ्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. कागदावर दोघांची नावं लिहिली आणि पुढे एकच शब्द, कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजदाद.

घरी तोवर वेगळे तपास सुरू झाले होते. आमच्या लग्नात छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते, नाडी वेगळी, रक्तगटही वेगळा (एक रक्तगट म्हणजे एकनाडीचीच सायन्सवाली आवृत्ती, असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं), त्यामुळे सासूबाईंना बोट कुठे ठेवावं ते कळेना. शेवटी त्यांनी ते माझ्या ऑफिसच्या खुर्चीवर ठेवलं. मी बँकेत आहे. दिवसभर बसून असते. छत्तीस गुण पाहणारे पुष्कळ भेटले. शेहेचाळीस गुणसूत्रं पाहायला कोण जातं?

रिपोर्टला तीन आठवडे लागतील म्हणाले. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी फोनवर येण्याची सवय झालेल्या माणसाला तीन आठवडे म्हणजे काय करतात तरी काय, असं वाटतं. ते मी पुढे जुलैमध्ये पाहिलं. हट्टच धरला होता, आणि तिथल्या बाईंनी तासभर उभं राहू दिलं.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी निवांत फिरत असतात, विभागायच्या भानगडीत पडत नाहीत. आणि गुणसूत्रं दिसतात ती पेशी विभागत असतानाच. म्हणजे आधी पेशींना डिवचायला हवं. ते काम करतो राजमा. आपला भाजीचा राजमा. त्यातलं एक प्रथिन मूळचं वापरात आलं ते रक्तातल्या तांबड्या पेशी वेगळ्या काढायला. ते पांढऱ्या पेशींना विभागायला लावतं हे पीटर नोवेल यांच्या लक्षात आलं, १९६० साली. तर राजम्याचा अर्क घालून रक्त ३७ अंशांवर तीन दिवस ठेवायचं, पेशी दुपटीच्या नादाला लागल्या की त्यांना मधेच अडवायचं. त्यासाठी कोल्चिसिन, किंवा हल्ली त्याचं एक भावंड. बाईंनी ते नाव घेतलं आणि मी उडालेच, कारण हे द्रव्य ज्या झाडांत असतं त्यातलं एक म्हणजे कळलावी. पावसाळ्यात सिंहगडाकडे जाताना कुंपणावर जाळासारखी पेटलेली फुलं दिसतात ना, लाल-पिवळी, पाकळ्या उलट्या वळलेल्या, ती. कळ लावते म्हणून कळलावी. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून पोटाला लावत. विषारी आहे, पोटात गेली तर जीव घेते. आणि हेच विष लॅबमध्ये पेशीची प्रसूती थांबवायला वापरतात! ऐन विभागणीच्या क्षणी पेशी जिथल्या तिथे गोठते, तेव्हा गुणसूत्रं सगळ्यात जाड आणि सुटी असतात.

मग पातळ खारं पाणी, त्याने पेशी टम्म फुगतात आणि आतली सूत्रं पांगतात. ही युक्तीसुद्धा चुकीतून आलेली. १९५२ साली टेक्सासमध्ये टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत कोणीतरी मिठाचं पाणी नेहमीपेक्षा पातळ बनवून ठेवलं, आणि एरवी गोधडीसारखी दिसणारी सूत्रं एकाएकी मोकळी दिसायला लागली. त्याआधी तीसेक वर्षं माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असंच पाठ्यपुस्तकांत होतं आणि सगळे ४८च मोजत होते. ४६ हा आकडा १९५६ साली छापून आला, स्वीडनमधल्या लुंडमधून, त्यो आणि लेवान यांचा. माझ्या वडिलांचा जन्म त्याच्या आधीचा. बाबा जन्मले तेव्हा माणसाला ४८ गुणसूत्रं होती म्हणायची.

सगळ्यात मजेचं पुढे. पेशींचा थेंब वरून, फूटभर उंचीवरून, गार ओल्या काचेवर टाकायचा. आपटून पेशी फुटली पाहिजे आणि सूत्रं पसरली पाहिजेत, पण हरवता कामा नयेत. ‘पावसाळ्यात त्रास होतो,’ बाई म्हणाल्या. ‘हवा दमट असली की काच वाळायला वेळ लागतो, पसरण बदलते.’ इतक्या मोठमोठ्या यंत्रांच्या खोलीत शेवटी सगळं येऊन थांबलं होतं ते हाताच्या अंदाजावर आणि पुण्याच्या हवेवर. पापड घालणाऱ्या बायकांसारखं. मग काही सेकंद ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य, मग जिम्साचा जांभळा रंग, मलेरियाचे जंतू पाहायला वापरतात तोच. भिंगाखाली काळे-पांढरे पट्टे उमटतात, त्या पट्ट्यांवरून कोण कितवा ते ओळखायचं, आणि अशा वीस पेशी मोजायच्या.

रंग घेतात म्हणून ‘क्रोमोसोम’ हे नाव, रंगीत वस्तू अशा अर्थाचं, १८८८ सालचं. मराठीत त्याला रंगसूत्र असाही शब्द आहे. तो रुजला असता तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. गुणसूत्र म्हटलं की त्याच्या मागोमाग दोष येतोच.

नवऱ्याचा रिपोर्ट एका ओळीचा होता. ४६, एक्सवाय. माझ्यावर ४५, एक्सएक्स, आणि पुढे कंस, अर्धविराम, १४, २१. ‘एक कमी आहे,’ मी म्हणाले. कॅश काउंटरवर शंभराची नोट कमी भरली की निघतो तोच आवाज निघाला.

काउन्सेलर बाई तरुण होत्या. ‘कमी नाही, जोडलेलं आहे,’ त्या म्हणाल्या आणि टेबलावरची एक लांब लाल पेन्सिल आणि एक झिजून आखूड झालेली निळी पेन्सिल घेऊन त्यांनी दोन्ही टोकाला टोक लावून रबरबँडने बांधल्या. आपल्याकडे १३, १४, १५, २१ आणि २२ ह्या पाच जोड्या अशा असतात की त्यांचं एक टोक अगदीच आखूड. त्या टोकांवर जे असतं त्याच्या भरपूर नकला बाकीच्यांच्या टोकांवर असतातच. त्यामुळे दोघांची टोकं गळून उरलेले भाग एकमेकांना चिकटले तरी त्या माणसाचं काही बिघडत नाही. मोजलं तर ४५, मजकूर सगळा जागच्या जागी. रॉबर्टसन नावाच्या शास्त्रज्ञाने हे १९१६ साली नाकतोड्यांत पाहिलं. हजारात साधारण एका माणसात असं काही ना काही जोडलेलं असतं आणि त्यातल्या बहुतेकांना ते जन्मभर कळत नाही. रिपोर्टात ह्याला संतुलित म्हणतात. हे मला पटकन समजलं. दोन खाती एकात विलीन केली. खातेक्रमांक एक कमी झाला, शिल्लक तीच.

घोळ होतो वाटणी करताना. स्त्रीबीज तयार होताना जोडीतलं एकेक इकडे, एकेक तिकडे जायचं. पण माझ्याकडे एक सुटी लाल, एक सुटी निळी आणि ही जोडलेली. तीन वस्तू दोन ठिकाणी वाटायच्या. सहा प्रकारे वाटता येतात. त्यातले तीन प्रकार टिकतच नाहीत; माझे दोन त्यातच गेले असावेत. उरले तीन. एक अगदी नेहमीचा, एक माझ्यासारखा, आणि एकात जोडलेलीच्या बरोबर सुटी निळीही जाते, म्हणजे बाळाला एकविसावं गुणसूत्र तीनदा मिळतं. कागदावर तिघांत एक. प्रत्यक्षात आईकडून आलं तर शंभरात दहा ते पंधरा बाळं. वडिलांकडून आलं तर एखादं, तेही क्वचित.

‘तुमच्याकडे कोणाला डाऊन सिंड्रोमचं मूल आहे का?’ त्यांनी विचारलं.

नवरा माझ्याकडे पाहायला लागला. मी पेन्सिलींकडे.

‘माझा आतेभाऊ,’ मी म्हणाले.

दादा जुलै १९८०चा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मला कळायला लागलं तेव्हापासून तो आहे तसाच आहे, बुटका, गोरा, जाडजूड बोटांचा, हसला की डोळे मिटणारा. माझ्या नावातली मधली दोन अक्षरं तो गाळतो. नारायण पेठेतल्या वाड्यात असताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रद्दीच्या पुड्या बांधून द्यायचा, अगदी काटकोनात घड्या. पीएमटीच्या बसचे नंबर त्याला पाठ. नंबर सांगा, तो ‘कुठून-कुठे’ सांगतो. त्याच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांनी तिरपे डोळे पाहिले, तळहातावरची एकच आडवी रेघ पाहिली आणि ‘मंगोल बाळ आहे’ म्हणाले. त्याआधी पंधरा वर्षं जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द टाकून दिला होता. पण शब्द आणि सवयी पुण्यात सावकाश जुन्या होतात.

गुणसूत्रं तपासा, असं कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही पडली नाही, कारण घरात कारण सापडलेलं होतं.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा खाली कर्नाटकातून जात होता, पुण्यात खंडग्रास, भर दुपारी. रस्ते ओस, खिडक्यांना चादरी. आत्याला चौथा महिना. धाकट्या दिराला भूक लागली, तो रडायला आला, तर आत्याने विळी ओढली आणि एक काकडी चिरून दिली. एवढंच. तिच्या सासूबाई देवघराशी जप करत होत्या, त्यांनी पाहिलं. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. जुलैमध्ये बोलल्या. मग तो शब्द वाड्यात फिरला, नातेवाइकांत फिरला, माझ्यापर्यंतसुद्धा आला. लहानपणी मला खरंच वाटायचं की दादाचे डोळे तसे आहेत कारण काकडी चिरली. आत्या पुढची सगळी ग्रहणं एका जागी हात मांडीवर ठेवून बसून काढायची. चाळिशी उलटली, पन्नाशी उलटली, तरी.

ह्यातली टोचणारी गोष्ट अशी. एकविसावं गुणसूत्र तीनदा असतं हे पॅरिसमध्ये १९५९ साली दाखवून झालं होतं. पेशी वाढवण्याचं तंत्र मार्त गोतिए यांनी आणलं होतं, नाव झालं ते मुख्यतः लेजेन यांचं, ती वेगळीच कहाणी. पुढच्याच वर्षी जोडलेल्या गुणसूत्रातून येणारा प्रकारही छापून आला. म्हणजे आत्याने काकडी चिरली तेव्हा जगाला हे वीस वर्षं माहीत होतं.

ह्याच शहरात जयंत नारळीकरांनी २००८ साली एक साधी चाचणी केली होती. त्यात नरेंद्र दाभोलकरही होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, मिसळल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या. नुसतं एवढं सांगा, कुठली कोणाची. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर याहून बरं आलं असतं. पाच वर्षांनी दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी गोळ्या घातल्या. मी त्या पुलावरून ऑफिसला जाते. माझा रिपोर्ट आल्यावर नवऱ्याला मी म्हणाले होते, बघ, ४६ सगळीकडे आहे, आमच्याकडे सोडून. तो हसला नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिलं वाक्य बोलले ते ‘आपल्या घराण्यात असलं काही नाही.’ मग थोडा वेळ गप्प. समोर सख्ख्या बहिणीचा मुलगा होता, घराण्यातला नाही म्हणायचं तरी कसं? शेवटी गेले, हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त देऊन आले. ४५, एक्सवाय. आईने आधी दोन वर्षं मला शतावरी कल्प पाजला होता, आणि आपल्या एका मावशीला मूलबाळ नव्हतं हे ती मनात धरून होती, हे मला तेव्हा कळलं. बाबांचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात आईने फार सुंदर स्वयंपाक केला. एक शब्द बोलली नाही. गुरुवारी पुरण.

आता आत्या. मला वाटत होतं मी तिच्यासाठी काहीतरी घेऊन चाललेय. एकोणचाळीस वर्षांची काकडी मी तिच्या डोक्यावरून उतरवणार होते. सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये दुपारची गेले, दादा झोपला होता, पर्समधून दोन पेन्सिली आणि रबरबँड काढले. काउन्सेलर बाईंनी सांगितलं तसं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं, मधे दोनदा प्रश्नही विचारले.

‘म्हणजे काकडीने नाही.’

‘नाही.’

‘ग्रहणानेही नाही.’

‘नाही गं.’

ती पेन्सिलींकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्यामुळेच.’

‘तुझ्यामुळे नाही आत्या. तुझ्यातून. फरक आहे. कोणी काही केलेलं नाही, वाटणी होताना—’

‘ग्रहण निदान आकाशात तरी होतं,’ ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

मी तशीच बसले. हे मला सुचलंच नव्हतं. मी निर्दोष असल्याचा दाखला घेऊन गेले होते आणि तिने त्यात वाचलं ते नेमकं उलटं. काकडी चिरली ती एक चूक होती, एका दुपारची. टाळता आली असती. हे टाळता येणार नव्हतं, हे तिच्या प्रत्येक पेशीत होतं, ती जन्मली त्या दिवसापासून. मला वाटायचं कळणं म्हणजे ओझं उतरणं. तिच्यासाठी ओझं फक्त बाहेरून आत आलं.

तरी रक्त तिनेही दिलं, दादालाही घेऊन गेली. तिचं ४५. ते आजोबांकडून की आजीकडून आलं ते कळायला आता कोणी उरलेलं नाही. आईचं मत आजोबांच्या बाजूने पक्कं आहे. आणि दादाचं आलं ४६. ह्या प्रकारात तसंच येतं. जोडलेलं एक धरून आकडा बरोबर ४६ भरतो, मजकूर मात्र जास्त. म्हणजे नुसतं मोजायचं म्हटलं तर आमच्या घराण्याच्या ह्या फांदीवर पुरा तोच एक, आम्ही बाकीचे एकेकाने कमी. आत्याला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. ‘बघ, मी म्हणायचेच.’ त्या दिवशी तिने दादाला ‘पूर्ण’ म्हणून हाक मारली दोन-तीनदा.

दादा आता बसचे नंबर विसरायला लागलाय. आल्झायमरमध्ये मेंदूत जे साचतं त्याचं जनुक एकविसाव्यावरच असतं, आणि त्याच्याकडे ते दीडपट. माहीत असून उपयोग काय, माहीत आहे एवढंच. नंबर सांगितला की तो तोंड उघडतो आणि वाट बघतो, कुठून-कुठे ते येईल म्हणून.

त्या वर्षी ऑगस्टअखेरीला मला पुन्हा दिवस गेले. आयव्हीएफ करून गर्भ आधीच तपासून घेता येतो, तो खर्च आणि ती इंजेक्शनं दोन्ही आम्ही बाजूला ठेवली होती. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, आता नुसतं आईच्या रक्तावरून कळतं ना, सुई कशाला? कळतं, दहाव्या आठवड्यानंतर, आईच्या रक्तात बाळाच्या वारेचे डीएनएचे तुकडे फिरत असतात म्हणून. डबल मार्कर नावाची रक्ताची टेस्ट आहे, मानेमागची जाडी बघणारा एनटी स्कॅन आहे. पण ह्या सगळ्या चाळण्या आहेत. चाळणीवर खडा दिसला तरी तो हाताने उचलून बघावा लागतोच, आणि माझ्यासारखीला थेट तेच करा म्हणतात.

एक घड्याळही होतं. तेव्हाच्या कायद्याने गर्भपाताला वीस आठवड्यांची मर्यादा होती. गर्भात गंभीर व्यंग असेल तर मंडळाच्या परवानगीने ती मर्यादा उठवणारी दुरुस्ती २०२१ची. पोटातून पाणी काढायची तपासणी सोळाव्या आठवड्यानंतर, रिपोर्टला अडीच-तीन आठवडे, म्हणजे अगदी काठावर. म्हणून सीव्हीएस, बाराव्या आठवड्यात, वारेचा कणभर तुकडा काढून. तारीख ठरली नोव्हेंबरच्या मध्याची.

त्याच्या आधी भाऊबीज आली, २९ ऑक्टोबर. मी दादाला ओवाळलं. दरवर्षी ओवाळते. त्याने आत्याने हातात दिलेलं पाकीट माझ्या ताटात टाकलं, दहाची कोरी नोट, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठा भाऊ ठेवतो तसा. मी मान वर केली नाही. कारण आम्ही नवराबायकोने ठरवून झालं होतं. ते इथे लिहिते, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. तसं निघालं तर थांबवायचं, असं ठरलं होतं. ज्याच्यासारखं कोणी येऊ नये म्हणून मी सुई टोचून घेणार होते तो पाटावर बसून माझ्या हातचा करंजीचा तुकडा खात होता.

आत्याला तारीख माहीत होती. भांडी विसळताना म्हणाली, ‘तू काय ठरवलंस ते मला विचारायचं नाहीये.’ नळ चालू ठेवला तिने. ‘मला ऐंशी साली कोणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते ते मला पक्कं माहीत आहे. ते मी ह्याच्यासमोर कधी म्हणणार नाही.’ मग नळ बंद केला. पुढे त्यावर ती आजतागायत बोललेली नाही, मीही नाही.

सीव्हीएसचं फारसं सांगण्यासारखं नाही. भिंतीवर ‘गर्भलिंगनिदान केले जात नाही’ची पाटी, संमतीच्या जी-फॉर्मवर सह्या, सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे पाठ करून. सुई जाताना वेदनेपेक्षा आतून कोणीतरी ओढतंय असं वाटतं. पंधरा मिनिटं. मग दोन दिवस मी उताणी पडून छताचे पोपडे मोजले.

रिपोर्ट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. ४५, त्यापुढे जिथे दोन अक्षरं असतात तिथे काहीच नव्हतं. १९९४च्या कायद्याने ती छापता येत नाहीत, आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही सहा वर्षं आधी स्वतःचा कायदा केला होता. ज्या राज्यात तशी वेळ आली होती त्या राज्यात हे बरंच आहे. पुढे १४, २१. संतुलित. माझ्यासारखं. मुलगी, हे मे महिन्यात कळलं, लॉकडाऊनमध्ये, मास्क लावलेल्या नर्सकडून. तो कागद आता कपाटात तिच्या पत्रिकेच्या खालीच आहे. ती मोठी झाल्यावर तिला पेन्सिली घेऊन बसवावं लागेल. तेव्हा कुठले शब्द वापरायचे ह्याचा सराव मी अधूनमधून करते. ‘तुझ्यातून’ हा शब्द मी काढून टाकलाय.

२६ डिसेंबरला पुन्हा सूर्यग्रहण होतं. ह्यावेळी कंकणाकृती, पट्टा केरळ-तमिळनाडूकडे, पुण्यात खंडग्रास, सकाळी आठ ते अकरा. मला अठरावा आठवडा. आदल्या रात्री आत्याचा फोन आला, ‘सकाळी सातला इथे ये.’ मी म्हटलं, अगं, रिपोर्ट हातात आहे. ‘रिपोर्ट घेऊनच ये.’

गेले. ऑफिसला रजा टाकली, कारण लिहिलं ‘घरगुती’. सोसायटीची पोरं काळे चष्मे घेऊन गच्चीवर गेली होती, दादाही त्यांच्याबरोबर. दहा मिनिटांनी धापा टाकत खाली आला आणि दारातूनच ओरडला, ‘बिस्कीट!’ पुन्हा वर पळाला. बाहेरचं ऊन पितळी झालं होतं, गॅलरीतल्या तुळशीची सावली विचित्र टोकदार. मला भूक लागली होती, त्या महिन्यांत सारखी लागायची. ओट्यावर दोन काकड्या धुऊन ठेवलेल्या दिसल्या. विळी भिंतीला टेकवलेली. मी ती ओढली, पाटावर बसायला लागले.

आत्याने माझ्या हातातून विळी काढून घेतली.

‘तू नको.’

‘आत्या, अगं तूच वाचलायस ना रिपोर्ट?’

‘वाचलाय. सरक तिकडे.’

मी सरकले. ती पाटावर बसली, पदर खोचला, खिडकीची चादर एका हाताने थोडी बाजूला केली उजेडासाठी, आणि काकडी चोचवायला लागली.